बुडाखालची स्प्रिंग

नवी सायकल घेताना आपण काय काय बघतो? रंग बघतो. गिअर किती ते मोजतो. डिस्क ब्रेक आहे का, हे विचारतो. पुढे शॉकअप असला की स्वारी खूश, लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकला जातो. पण ज्या एका नळीवर आपलं अख्खं बूड विसावणार असतं, तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. ती बिचारी सीटखाली गपगुमान उभी असते. ऑफिसला जाता-येता रोज वीस स्पीडब्रेकर आणि पन्नास खड्डे खाते, आणि खाल्लेलं सगळं इमानेइतबारे तुमच्या माकडहाडाकडे फॉरवर्ड करते.

या नळीला कंपन्या सीटपोस्ट म्हणतात, आपले पेठेतले मेकॅनिक सीट पिलर म्हणतात. तिचाच एक स्प्रिंगवाला भाऊ असतो, सस्पेन्शन सीटपोस्ट. आजचा कॉलम त्याच्यावर. विषय ऐकायला जाम टेक्निकल वाटेल, पण दोन ॲलन की, एक फूटपट्टी आणि भिंतीला टेकून बसणारा एक माणूस एवढ्या सामानात सगळं उरकतं. आणि नीट बसवला, तर हा प्रकार माणसाला पुन्हा सायकलवर आणू शकतो. हे मी घरात बघितलंय, पण ते ओघात येईलच.

आधी रस्त्याबद्दल दोन शब्द

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबाने गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटीमीटर उंच असायला हवा. म्हणजे हळूच चढायचं, हळूच उतरायचं. आता आठवा तुमच्या सोसायटीच्या गेटसमोरचा. कुणीतरी रात्रीतून डांबर ओतून वरवंट्यासारखा एक उंचवटा केलेला असतो, किंवा स्क्रूने ठोकलेली काळी-पिवळी रबरी पट्टी. त्यावर मोटारीला नुसता हिसका बसतो, सायकलवाल्याला मात्र थेट मणक्यात निरोप मिळतो.

कारण साधं आहे. सरळ बसून चालवायच्या सायकलवर तुमचं बरंचसं वजन सीटवर असतं, आणि सीट जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावर. चाक वर उडालं की नळी वर, नळी वर की तुम्ही वर. मधे गादी म्हणून काय, तर टायरमधली हवा आणि सीटवरचा इंचभर फोम.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी दोन फुकटचे उपाय करून बघा. पहिला, हवा. टायरच्या कडेला समजा ४० ते ६५ पीएसआय असं छापलंय, तर पंपवाला डोळे मिटून ६५ भरतो, टायर दगडासारखा टणक. तुमचं वजन बेताचं असेल तर छापलेल्या मर्यादेतच थोडी कमी हवा भरा. फरक पहिल्याच गल्लीत कळतो. दुसरा उपाय, पाय. स्पीडब्रेकर आला की पॅडल आडवी करून सीटवरून दोन बोटं उठायचं, गुडघे सैल सोडायचे. देवाने दिलेला याहून भारी शॉकअप बाजारात मिळत नाही.

हे दोन्ही करूनही पाठ बोलत असेल, किंवा उठणं जमत नसेल, तर पुढे वाचा.

आजोबांच्या सायकलला काय होतं?

गंमत अशी की हा शोध काही नवा नाही. जुनी काळी सायकल आठवा: रॉड ब्रेक, चेनकव्हर, डायनॅमो, २८ इंची चाकं. तिच्या सीटखाली अंगठ्याएवढ्या जाड तारेच्या गोल गोल स्प्रिंगा असायच्या. माणूस बसला की कुर्रर्र करून दबायच्या. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांचे भोंगे व्हायचे तेव्हा कामगारांचे थवेच्या थवे याच सायकलींवरून निघायचे.

आमचे बाबा त्यातलेच एक. टूलरूममध्ये नोकरी, खिशात व्हर्नियर, आणि काळ्या सायकलवर तीस वर्षं ये-जा. रिटायर झाल्यावरही सायकल सुटली नाही. आठवड्यातून तीनदा कोथरूडहून मंडईला जायचं, भाजी आणायची, येताना डेक्कनला मित्रांबरोबर कटिंग मारायचा, असा रतीबच होता. काळी सायकल पार गंजली, तेव्हा त्यांनी स्वतः दुकानात जाऊन एक चकाचक हायब्रिड घेतली. हलकी, २१ गिअरची, देखणी. फक्त सीटखालच्या त्या दोन स्प्रिंगा तिला नव्हत्या.

चार महिन्यांत मंडईच्या फेऱ्या तीनवरून एकवर आल्या, मग शून्यावर. विचारलं तर म्हणाले, "अगं, एकाहत्तर झाले आता. वय बोलतं." भाजी ॲपवरून येऊ लागली. डेक्कनचा कट्टा व्हॉट्सॲपवर सरकला. सायकल पार्किंगमध्ये, तिच्यावर धूळ, आणि हँडलला कुणाच्या तरी पोराची पतंगाची कणी अडकलेली. बाबा दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागले. ती खुर्ची मला फार टोचायची.

हाडांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मणक्यात वयाप्रमाणे थोडी झीज आहे, बाकी काही नाही. सायकल चालवा, पण दणके टाळा. दणके टाळा! पुण्यात! आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. आणि घरी येताना मला ती कुर्रर्र करणारी स्प्रिंग आठवली.

दोन जाती

सस्पेन्शन सीटपोस्ट मुख्यतः दोन प्रकारचे असतात.

एक, टेलिस्कोपिक. नळीत नळी. वरची नळी खालच्या नळीत सरकते, आत स्प्रिंग किंवा रबरासारखा इलास्टोमर किंवा दोन्ही. वरून अकॉर्डियनसारखं रबरी बूट. स्वस्त, सुटसुटीत, कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतो.

दोन, लिंकवाला, म्हणजे चौकोनी सांध्यांचा. यात सीट दोन समांतर दांड्यांवर झुलते आणि दणका बसला की खाली आणि किंचित मागे जाते. केन क्रीकचा थडबस्टर हा यातला जुना गाजलेला खेळाडू, त्यात इलास्टोमर असतात. एसआर सनटूरचा एनसीएक्स आणि रेडशिफ्टचा शॉकस्टॉप हेही याच जातीचे. खाली-मागे जाण्याचा फायदा असा की सीट आणि पॅडलमधलं अंतर फारसं बदलत नाही, त्यामुळे पाय मारताना लय बिघडत नाही. टेलिस्कोपिकमध्ये सीट सरळ नळीच्या रेषेत खाली येते, म्हणून ते अंतर दर दणक्याला कमी-जास्त होतं. चालवताना हे थोडं जाणवतं, सवयीने सुटतं.

लिंकवाला महाग. टेलिस्कोपिकच्या कितीतरी पट. आणि त्याला जागाही लागते. फ्रेमच्या क्लॅम्पपासून सीटखालच्या दांड्यांपर्यंत साधारण दहा सेंटीमीटर नळी उघडी असेल तरच तो मावतो, लांब झोक्याच्या मॉडेलना त्याहूनही जास्त. तुमची उंची कमी आणि फ्रेम मोठी असेल तर आधी फूटपट्टी लावा, मग कार्ड काढा.

बाबांसाठी आम्ही टेलिस्कोपिक घेतला. ४० मिलिमीटर दबणारा. मंडईपुरता बास.

मापात पाप नको

सीटपोस्टची जाडी हा चालसे चालसे म्हणण्याचा विषय नाही. २७.२, ३०.९ आणि ३१.६ मिलिमीटर ही नेहमीची मापं, पण याखेरीज इतरही बरीच आहेत. दोन दशांश मिलिमीटर बारीक पोस्ट घातला तरी तो हळूहळू खाली सरकतो आणि क्लॅम्प आवळून आवळून फ्रेमचं तोंड चेपतं. जाड असेल तर जाणारच नाही, आणि ठोकायचा तर अजिबात नाही.

माप कुठे मिळतं? जुना पोस्ट बाहेर काढा, तळाशी कोरलेलं असतं. फ्रेमच्या नळीची बाहेरची जाडी मोजून काही उपयोग नाही. आमच्या पोस्टवरचे आकडे घासून गेले होते. बाबा काही न बोलता आत गेले आणि कपाटातून तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला व्हर्नियर घेऊन आले. चष्मा कपाळावर, एक डोळा बारीक. "सत्तावीस पॉइंट दोन." मग दुसऱ्या जागी मोजलं, मग तिसऱ्या. "सत्तावीस पॉइंट दोनच." कित्येक महिन्यांनी त्या आवाजात टूलरूम ऐकू आली.

हव्या त्या मापाचा पोस्ट नाहीच मिळाला, तर बारीक पोस्टभोवती बसणारी शिम नावाची पातळ धातूची नळी मिळते. २७.२ चा पोस्ट शिम लावून मोठ्या फ्रेममध्ये बसवता येतो. उलटं मात्र शक्य नाही.

बसवणं: अर्ध्या तासाचं काम

आधी जुन्या सीटची उंची नोंदवून ठेवा. पॅडलचे दांडे जिथे फिरतात त्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत टेप लावायची आणि आकडा मोबाइलमध्ये टाकायचा. सीटचं नाक हँडलपासून किती लांब आहे तेही मोजा. नंतर फार उपयोगी पडतं.

क्लॅम्प सैल करा आणि सीट डावी-उजवी फिरवत पोस्ट वर ओढा. फ्रेमच्या नळीत आतून फडकं फिरवा, वर्षांची माती निघते. मग नळीच्या आत आणि नव्या पोस्टच्या खालच्या भागाला ग्रीसचा पातळ हात द्या. हे टाळू नका. लोखंडी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा पोस्ट कोरडा घातला आणि दोन पावसाळे काढले की दोन धातू एकमेकांना असे धरतात की काढायला मेकॅनिकच्या नाकी नऊ येतात. फ्रेम कार्बनची असेल तर मात्र ग्रीस नाही, त्यासाठी वेगळी पेस्ट मिळते.

सीट नव्या पोस्टवर चढवा, सपाट ठेवा, बोल्ट आवळा. टेलिस्कोपिकची वरची नळी किंचित डावी-उजवी हलतेच, सीटचं नाक धरून हलवलं तर जाणवेल. थोडी हालचाल नॉर्मल. खडखडत असेल तर बुटाखालची कॉलर सैल आहे.

पोस्ट आत सरकवताना त्यावरची किमान खोलीची रेघ फ्रेमच्या आत गेलीच पाहिजे. ती बाहेर दिसत असेल तर तशी सायकल चालवायची नाही, फ्रेम तडकू शकते. आणि पोस्ट फार लांब वाटला तर खालून करवत चालवण्याचा मोह आवरा. साधा पोस्ट कापता येतो, पण टेलिस्कोपिकचं सगळं पोट तळाशीच असतं.

शेवटी क्लॅम्प. त्यावर बहुतेक वेळा टॉर्क छापलेला असतो, साधारण ५ ते ७ न्यूटन-मीटरच्या घरात. टॉर्क रेंच नसेल तर जवळच्या दुकानात दोन मिनिटं लावून घ्या. आठवड्याभराने पुन्हा एकदा तपासा. नवी गोष्ट जरा बसते.

इथे नव्वद टक्के लोक थांबतात. "बसवला!" म्हणून फोटो काढतात. आणि महिन्याभराने "काही फरक नाही यार, पैसे वाया" म्हणतात.

खरा फंडा: दबतो किती?

सस्पेन्शन सीटपोस्ट हा चपलेसारखा असतो. दुसऱ्याच्या मापाचा घातला तर चालता येईल, पण चावेल. फॅक्टरीत तो कुण्या सरासरी माणसाच्या वजनाला धरून बांधलेला असतो. तो सरासरी माणूस तुमच्या-आमच्या घरी राहत नाही.

तुम्ही नुसते शांत बसलात तरी पोस्ट थोडा दबला पाहिजे. या दबण्याला सॅग म्हणतात. एकूण दबण्याच्या १५ ते २० टक्के, फार तर पाव हिस्सा. म्हणजे ४० मिलिमीटरचा पोस्ट असेल तर बसल्यावर ६ ते ८ मिलिमीटर, जास्तीत जास्त १०. हे बसणं का हवं? कारण खड्ड्यात चाक खाली जातं तेव्हा सीटलाही खाली-वर व्हायला दोन्हीकडे वाव लागतो. अजिबात न दबलेली स्प्रिंग म्हणजे नुसती वजनदार नळी.

मोजायची पद्धत सोपी. सायकल भिंतीला टेकवा. रबरी बूट वर सारा. आतल्या चकचकीत नळीवर बारीक रबरबँड किंवा झिपटाय गुंडाळा आणि खाली कॉलरला टेकवून ठेवा. आता रोजच्या कपड्यांत, पाठीवर लॅपटॉपची बॅग लावत असाल तर तीही लावून, अलगद सीटवर बसा. दोन्ही पाय पॅडलवर, हात हँडलवर. उड्या मारू नका. मग तसंच अलगद उतरा. कॉलर आणि रबरबँडमध्ये जे अंतर दिसेल, तो तुमचा सॅग. लिंकवाल्या पोस्टला रबरबँडची सोय नाही. तिथे एकाने बसायचं आणि दुसऱ्याने पट्टी धरायची.

सॅग जास्त आला तर स्प्रिंगवरचा प्रीलोड वाढवायचा, कमी आला तर घटवायचा. टेलिस्कोपिकमध्ये हा स्क्रू पोस्टच्या तळाशी असतो. म्हणजे पोस्ट बाहेर काढायचा, खालून ॲलन की घालायची, एक फेरा फिरवायचा, पुन्हा बसवायचा, पुन्हा मोजायचं. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचंय. एक पथ्य पाळा: स्क्रू सैल करताना तो नळीच्या तोंडाबाहेर डोकावता कामा नये. बाहेर आला तर आट्यांची पकड कमी पडते, आणि ते धोक्याचं.

आमच्याकडे पहिला आकडा आला २ मिलिमीटर. बाबांचं वजन ५६ किलो. स्क्रू सैल करत करत तोंडापर्यंत आणला, तरी साडेतीन. बाबा उतरले आणि म्हणाले, "हे लाकूड आहे."

स्क्रू आणि स्प्रिंग, दोन वेगळ्या गोष्टी

इथे एक बारकावा आहे, तो कळला की सगळं कळलं. प्रीलोडचा स्क्रू स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही. स्प्रिंग हलायला लागण्याआधी तिला किती जोर हवा, तेवढंच तो ठरवतो. दाराला कडी घट्ट लावली की सैल, एवढाच त्याचा अधिकार. दार मुळात सागवानी असेल तर कडीने ते हलकं होत नाही.

म्हणून अनेक कंपन्या एकाच पोस्टसाठी वेगवेगळ्या कडकपणाच्या स्प्रिंगा किंवा इलास्टोमर देतात: मऊ, मध्यम, कडक. वजनाचा तक्ता खोक्यातल्या कागदावर असतो. आमच्या दुकानदाराने तो कागद उघडलाच नव्हता. "सगळ्यांना हाच चालतो मॅडम," म्हणून मध्यम स्प्रिंगचा पोस्ट हातात दिला होता. कागदावर बाबांचं वजन स्पष्ट मऊ स्प्रिंगच्या रकान्यात बसत होतं.

मऊ स्प्रिंग मागवली. ती यायला दहा दिवस गेले. बसवायला दहा मिनिटं. तळाचा स्क्रू पूर्ण काढला, जुनी स्प्रिंग बाहेर, नवीला ग्रीस लावून आत, स्क्रू परत. पहिला सॅग आला ११. दोन फेरे आवळले, आठ. ४० चा बरोब्बर पाचवा हिस्सा. बाबांनी व्हर्नियरने खात्री करून घेतली, अर्थात.

तुम्ही जाडजूड असाल तर गोष्ट उलट होते. मध्यम स्प्रिंग तुमच्याखाली नुसती बसून राहते आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला तळाशी ठक्क आवाज येतो. प्रीलोड आवळून ते झाकता येतं, बरं होत नाही. कडक स्प्रिंग घ्या.

उंची विसरू नका

पोस्ट आठ मिलिमीटर दबतो, म्हणजे तुम्हीही पॅडलच्या आठ मिलिमीटर जवळ आलात. जुन्याच आकड्यावर सीट ठेवली तर गुडघे आधीपेक्षा जास्त दुमडतात आणि पाठीचं दुखणं गुडघ्यात राहायला जातं. म्हणून सीट सॅगएवढी वर घ्या. तपासायला टाच वापरा. बसल्यावर टाच सर्वांत खालच्या पॅडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे, कंबर मात्र कलायला नको. मग चवडा पॅडलवर घेतला की गुडघा आपोआप हवा तेवढा वाकतो. लिंकवाल्या पोस्टला सीट जरा मागेही जाते, तर नोंदवून ठेवलेलं नाक-हँडल अंतर बघून ती दांड्यांवर पुढे सरकवा.

वडीलधाऱ्यांच्या बाबतीत मात्र थोडी तडजोड करा. सिग्नलला पाय टेकला पाहिजे, नाहीतर भीती बसते. बाबांची सीट आम्ही पुस्तकी मापापेक्षा अर्धा सेंटीमीटर खालीच ठेवली.

मग रस्त्यावर परीक्षा. ओळखीच्या गल्लीतून एक चक्कर मारा. सपाट रस्त्यावर पाय मारताना सीट घोड्यासारखी वर-खाली होत असेल तर स्प्रिंग फार मऊ, किंवा सीट फार उंच, किंवा तुम्ही जड गिअरवर रेटताय. गिअर हलका करून बघा. रोजच्या खड्ड्यांत पोस्ट अर्ध्यापर्यंत जावा, आणि तळ गाठावा तो फक्त एखाद्या महाखड्ड्यात. रबरबँड तसाच ठेवून चक्कर मारलीत तर पोस्ट कुठवर गेला होता, तो पुरावाच मिळतो.

जादू नाही

आता थोडं जमिनीवर. हा पोस्ट फक्त सीटवरचे दणके खातो. हात, मनगटं, चाकं, सगळी तिथेच आहेत. खड्ड्यात वेगाने घातलीत तर रिम वाकायची ती वाकणारच. साध्या ॲल्युमिनियमच्या पोस्टपेक्षा त्याचं वजन साधारण दुप्पट, त्यामुळे सिंहगडाच्या चढावर सेकंद मोजणाऱ्यांनी लांबच राहावं. पाठीतून पायात कळ येत असेल, मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टर, मग मेकॅनिक.

आणि बच्चेकंपनी मागे बसत असेल तर कान देऊन ऐका. पोस्टला धरणारी बेबी सीट सस्पेन्शन पोस्टवर लावायची नाही. फ्रेमला किंवा कॅरिअरला बसणारी घ्या, आणि हलणारे सगळे भाग झाका. दबणाऱ्या स्प्रिंगमध्ये इवली बोटं सहज सापडतात.

बाबांचं सांगायचं राहिलं. स्प्रिंग बदलल्याला आठ-दहा दिवस झाले असतील. मी ऑफिसला निघाले, पार्किंगमध्ये आले, तर सायकलची जागा रिकामी. भिंतीवर हँडलचा घासलेला डाग आणि फरशीवर धुळीची चौकट तेवढी होती. फोन केला. मागे मंडईचा कलकलाट, कुणीतरी मेथी ओरडून विकतंय. "बोल पटकन," बाबा म्हणाले, "डेक्कनला मंडळी थांबलीयेत." पाठ अजूनही कधीकधी दुखते, लांब फेरी झाली की संध्याकाळी शेक लागतो. आठवड्यात तीनऐवजी दोन फेऱ्या होतात. पण "वय बोलतं" हे वाक्य त्या दिवसानंतर घरात ऐकलेलं नाही. ते वयाचं बोलणं नव्हतंच, दुसऱ्याच कुणाच्या तरी वजनाची स्प्रिंग होती ती.

तुमच्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये अशी एखादी धूळ खाणारी सायकल असेलच. आई-बाबांची, नवऱ्याची, किंवा खुद्द तुमची. तिचा मालक "आता जमत नाही" म्हणाला असेल, तर एकदा विचारा, नक्की काय जमत नाही? आणि सोबत फूटपट्टी घेऊन जा.

जाता जाता, फ्रिजवर चिकटवायला:

• आधी हवा कमी करून बघा. मग खरेदी.
• जुन्या पोस्टच्या तळाचं माप वाचा. अंदाज नको.
• खोक्यातला वजनाचा तक्ता दुकानातच उघडा. स्प्रिंग तिथेच बदलून मागा.
• किमान खोलीची रेघ फ्रेमच्या आत. नेहमी.
• सॅग एकूण दबण्याच्या १५ ते २० टक्के. तेवढीच सीट वर.
• पावसाळा संपला की पोस्ट काढा, पुसा, ग्रीस लावा. बूट फाटलं असेल तर बदला.
• आणि स्पीडब्रेकर दिसला की तरीही दोन बोटं उठा. स्प्रिंगलाही जरा विश्रांती.